मंगळवारी आठ ते दहा

मोंगूच्या प्रशिक्षण केंद्रात, भिंतीवर
सतरा रंगीत चौकोन चिकटवले होते.
सहावा आकाशी. पाण्याचा.
त्याचा कोपरा सुटला होता.
चहाच्या सुट्टीत मी तो अंगठ्याने दाबून बसवला,
वळले, तर पुन्हा सुटलेला.

आम्ही एकवीस जण, सगळे साहेब,
गळ्यात नावाच्या पट्ट्या,
हातात वह्या, वह्यांवर २०३०.
शिकवायला आले इमासिकू म्हातारे.
हयात हातपंप दुरुस्त करण्यात गेली;
उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच,
उरलेली पंपाच्या साखळीने खाल्ली.

फळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.
म्हणाले, पट्ट्या काढा.
गावात जा, रांगेत उभे राहा,
एक साधं काम करून आणा.
कोण आहात ते सांगायचं नाही.
आणि हो, गाड्या इथेच राहतील.

मुयुंडाला मासेमारीचा परवाना आला,
कुणाला जन्माचा दाखला.
माझ्या चिठ्ठीवर: पंप बंद आहे, अर्ज द्या.
मी मनात हसले.
सेनांगाला बदली होण्याआधी
चार वर्षं याच कार्यालयात काढली होती मी.
इमारत मला तोंडपाठ होती.

आतून.

स्कर्टवर चितेंगे गुंडाळलं आणि निघाले.
वाळूचा चढ, वर ऊन,
पुढच्या दाराला पायऱ्या आहेत
हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्यापुढे नासिलेले नावाची बाई.
पुराच्या मैदानातून आलेली,
रात्रीच होडी सोडली होती तिने, प्रवाह उलटा.
काखेत फडक्यात काहीतरी जड.
उघडून दाखवलं: पंपाची तुटलेली साखळी.
"नुसतं सांगितलं तर लिहून घेत नाहीत," म्हणाली,
आणि उकडलेल्या रताळ्याचा अर्धा तुकडा
न विचारता माझ्या हातावर ठेवला.

खिडकी इतकी खाली
की बोलायला वाकावंच लागतं.
आतून ती खुर्चीच्या अगदी बरोबर उंचीवर असते.
नासिलेले वाकली.
कारकून पोरगा नवा होता, उद्धट नव्हता,
मानही वर न करता त्याने
पेनाचं टोक डोक्यावरच्या कागदाकडे नेलं:
अर्ज फक्त मंगळवारी, आठ ते दहा.

मंगळवारच होता.
अकरा वाजून दहा मिनिटं.

ती भांडली नाही.
साखळी परत फडक्यात बांधली, गाठ दातांनी आवळली.
"तिसरी खेप," म्हणाली,
वारा पडलाय म्हणावं तशी.

मग मी वाकले. कागद पिवळा पडलेला,
चिकटपट्टीखाली मेलेली एक माशी,
आणि तळाशी सही.
शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली,
शाळेत बाईंनी ज्यासाठी हातावर छडी मारली होती
तीच शेपटी.

आठवलं. तिमाही अहवाल अडला होता,
लोक सारखे येत होते.
अहवाल वेळेवर गेला, वरून शाबासकी आली.
विषय होता
ग्रामीण भागातील पाण्याची उपलब्धता.

दुपारी सगळे परतले.
मुयुंडाने आपली फजिती रंगवून सांगितली,
हशा झाला, मग त्याचाच आवाज बसला.
इमासिकूंनी मला विचारलं, काम झालं?
नाही.
कुणी अडवलं?
मी हाताला लागलेला साखळीचा गंज
चितेंग्याला पुसत राहिले.
त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सेनांगाला परतले तेव्हा
पहिल्यांदा पुढच्या दाराने आत शिरले.
माझ्या सहीचे चार कागद निघाले.
तीन फाडले.
चौथ्याला प्रांताची मंजुरी लागते;
पत्र पाठवलंय, उत्तर नाही.

मोंगूच्या साहेबांनाही लिहिलं.
त्यांनी आभार मानले. एवढंच.
नासिलेलेचा पंप चालू झाला का, मला माहीत नाही;
तिच्या गावाचं नावसुद्धा
विचारायचं राहून गेलं.

सुतार येऊन गेला काल.
खिडकी वर घ्यायला भिंत फोडावी लागेल म्हणतो,
धूळ होईल बाई, आठवडाभर काम बंद.
मी म्हटलं, फोड.
आम्ही टेबलं बाहेर झाडाखाली काढतो.